लिंबाजीच्या गिरणीची सुनावणी

एका तालुक्याच्या गावात एक भोळा गिरणीवाला राहत होता. नाव लिंबाजी. वरून दाणे ओतावे, खालून पीठ घ्यावं, एवढं त्याला समजे. बाकीचं त्याची बायको कौसाबाई बघायची.

नगरपालिकेने गावाचा नवा नकाशा केला. त्यात लिंबाजीची आळी पिवळी रंगवली. पिवळी म्हणजे राहण्याची. राहण्याच्या आळीत गिरणी चालवायची तर खास परवानगी लागते. ती मिळाली नाही तर गिरणीला कुलूप, कुलपावर लाखेचं सील. गिरणी बंद म्हणजे चूल बंद.

लिंबाजीने अर्ज केला. सुनावणीचं बोलावणं आलं.

कौसाबाई म्हणाली, "साहेब विचारतील. अगदी पहिल्यापासून सांगा. काही लपवू नका."

"बरं," लिंबाजी म्हणाला.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणणं आहे?"

लिंबाजीने पहिल्यापासून सांगितलं. आज्याच्या लग्नापासून. लग्नात आज्याला जातं मिळालं. जात्याला खुंटा कोणी ठोकला ते सांगितलं. खुंटा ठोकणाऱ्याला पुढे कावीळ झाली, तेही लपवलं नाही. लिंबाजीचा बाप जन्मायच्या आत साहेबांची जेवणाची सुट्टी झाली. गिरणी अजून एक पिढी लांब होती.

"पुढची तारीख," साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून साहेबांनी सुनावणीत मान वर करणं सोडलं. मान वर केली की माणूस बोलत सुटतो, असं त्यांचं मत झालं.

कौसाबाईने कपाळाला हात लावला. "अहो, असं नसतं करायचं. विचारलं तेवढंच सांगायचं. पुढे गप्प बसायचं."

"बरं. आता तसंच करतो."

मग नगरपालिकेचा ओव्हरसियर गिरणीची मापं घ्यायला आला. गिरणीची भिंत आणि शेजारच्या घारपुरे मास्तरांचं कुंपण, यांच्यामधली जागा त्याला मोजायची होती. टेपचं एक टोक त्याने लिंबाजीच्या हातात दिलं. दुसरं धरून तो पाठमोरा मागे चालला. मागे म्हशीचा हौद होता. हौदात कोंडा भिजत घातला होता. लिंबाजीला हौद दिसत होता. पण त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

ओव्हरसियर हौदात बसला.

"अहो, मागे हौद आहे हे सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

कौसाबाईने ओव्हरसियरला लिंबाजीचं धोतर नेसायला दिलं. गरम थालीपीठ दिलं, वर लोणी दिलं. त्याआधी जागा कमी भरत होती. थालीपीठ खाल्ल्यावर पुरेशी भरली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "अहो, असं नसतं करायचं. माणूस मागे मागे जाताना दिसला की धावायचं. हाताला धरायचं आणि पुढे ओढायचं."

"बरं. आता तसंच करतो."

आता एकच अडचण उरली. घारपुरे मास्तरांची हरकत. गिरणीत मिरची दळली की त्यांना ठसका लागे. कौसाबाई त्यांच्याकडे गेली. म्हणाली, "मास्तर, आजपासून मिरची बंद. नुसतं धान्य दळू. पण आमचं पोट तोडू नका."

मास्तर माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "लेखी दिलंय, तेव्हा हजेरी लावावी लागेल. पण तोंड उघडणार नाही. माझं नाव पुकारायच्या आत मागच्या मागे निघून जाईन."

सुनावणीला मास्तर आले. हजेरी लावली. मग कुणाला दिसू नये म्हणून दाराकडे एकेक पाऊल मागे घेऊ लागले.

लिंबाजीने पाहिलं. माणूस मागे मागे चाललाय. तो धावला. मास्तरांना हाताला धरलं आणि ओढत थेट साहेबांच्या टेबलापाशी आणलं.

"हे कोण?" साहेबांनी मान खालीच ठेवून विचारलं.

"घारपुरे मास्तर," लिंबाजी म्हणाला. विचारलं तेवढंच.

"हरकतदार ना? बसा."

हरकतदाराला खुर्ची, अर्जदाराने उभं राहायचं, अशी नगरपालिकेची रीत होती. मास्तरांना खुर्ची मिळाली. चहा मिळाला. साहेबांनी विचारलं, त्रास होतो का. मास्तरांना उभ्या जन्मात खोटं बोलता आलं नव्हतं. म्हणाले, "मिरचीचा होतो."

साहेबांनी लिहून घेतलं. "पुढची तारीख शेवटची. हरकत नसली तर लगेच सही करीन. असली तर सील."

कौसाबाईला रडू आलं. "हाताने ओढून आणलंत? आणि तुम्ही काय करत होतात?"

"उभा होतो. खुर्ची मास्तरांना दिली."

"अहो, असं नसतं करायचं. खुर्ची रिकामी दिसली की आधी आपण बसायचं. आणि ऐका. इथून पुढे जो कोणी आपल्या गिरणीवर हरकत घेईल, त्याच्याशी बोलायचं नाही. त्याचं तोंडसुद्धा पाहायचं नाही."

"बरं. आता तसंच करतो."

शेवटच्या तारखेला कौसाबाईने मास्तरांना भाजणी दळायच्या निमित्ताने सकाळपासून गिरणीत बसवून ठेवलं. लिंबाजी एकटाच गेला. हरकतदाराची खुर्ची रिकामी होती. तो पटकन बसला.

साहेबांची मान खाली. "हरकतदार आलेत. नाव?"

"लिंबाजी."

"गिरणीचा आवाज येतो?"

"येतो."

"पीठ उडतं?"

"उडतं."

"तब्येतीला त्रास?"

"आहे."

"कुठे?"

"उजव्या कानाला. कमी ऐकू येतं."

शिपायाने लिंबाजीपुढे चहा ठेवला. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. "आता अर्जदार. उभे राहा. नाव?"

लिंबाजी उठला आणि अर्जदाराच्या जागी जाऊन उभा राहिला. "लिंबाजी."

"दोघांचं नाव एकच," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "नावाला नाव लागलं तरी भांडायचं सोडत नाहीत. हरकतदार म्हणतो आवाज येतो, पीठ उडतं. खरं का?"

"खरं."

"हे बघा, गरिबाचं पोट आहे. आपसात मिटवा, मी आत्ता सही करतो. या हरकतदाराशी बोलून घेता?"

लिंबाजीने खुर्चीकडे पाठ फिरवली. म्हणाला, "नाही साहेब. माझ्या गिरणीवर जो हरकत घेतो, त्याच्याशी मी बोलत नाही."

साहेबांनी हुकूम लिहिला. दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. समेट होत नाही. परवानगी नामंजूर.

शिपाई लाख घेऊन लिंबाजीच्या मागोमागच आला. पट्टा थांबला. मास्तरांची भाजणी अर्धी आत राहिली. दारावर सील लागलं.

कौसाबाई म्हणाली, "कोण होता तो मेला? मास्तर तर सकाळपासून इथं माझ्यासमोर बसलेत."

"मी जागचा हललो नाही," मास्तर म्हणाले.

लिंबाजी म्हणाला, "मला काय ठाऊक? तूच सांगितलं होतंस ना? मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."