केरबाच्या फटफटीचा दिवा

घोटवडी गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती, तर गिरणीवर एखादी बाई दळणावर जरा नजर ठेव म्हणून गेली, की ती परत येईपर्यंत हा पापणी न हलवता डब्याकडे बघत उभा. डोळ्यांत पीठ गेलं तरी जागचा हलायचा नाही. सांगितलं म्हणजे ऐकायचं, एवढंच त्याला ठाऊक. असा आज्ञाधारक माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि होता तो एक पुरे होता.

केरबाकडे वडिलांच्या वेळची एक फटफटी होती. पळायची बरी, पण दिव्याचं काही खरं नव्हतं. एकदा तिन्हीसांजेला बायकोला, सगुणाला, मागं बसवून तो निघाला आणि वाटेत दिवा गेला. केरबानं गाडी सरळ नेली. रस्ता मात्र वळला होता. दोघं गाडीसकट पाटलांच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात. सगुणानं विहिरीवर अंग धुतलं, लुगडं पिळलं आणि तिथूनच माहेरची वाट धरली.

तिचं माहेर हिवऱ्याला, मांजरखिंडीच्या पलीकडं. तिच्या बापाचं नाव सोनबा. केरबा त्यांना मामा म्हणायचा. मामांनी निरोप धाडला, की पाव्हणं, गाडीचा दिवा लावून दारात या आणि लेकीला खुशाल घेऊन जा. दिवा नसंल तर येऊ नका.

सगुणावाचून त्याला करमेना. चूल धड पेटेना, भाकरी एका अंगानं करपलेली आणि दुसऱ्या अंगानं कच्ची. घरात बोलायला माणूस नाही, रागवायला तर नाहीच नाही. शेवटी तो गाडी ढकलत दस्तगीरचाचाच्या गॅरेजात गेला. दस्तगीर मिस्त्री म्हणजे हाताला गुण असलेला माणूस, पण तापट.

चाचानं सीट उचलली, बॅटरी बघितली. दोन्ही टोकांवर पांढरा फुलोरा चढला होता. चाचानं गरम पाण्यानं तो धुऊन काढला, वर ग्रीस लावलं आणि दिवा लागला. मग केरबाला बजावलं, की पुन्हा दिवा गेला तर आधी गरम पाण्यानं धू, नंतर माझं डोकं खा.

"ध्यानात ठिवलं, चाचा," केरबा म्हणाला. आणि त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. तीच तर पंचाईत होती.

आठवडाही झाला नसेल, दिवा परत गेला. केरबानं चुलीवर आधण ठेवलं, चांगलं खळखळ उकळू दिलं आणि तपेलं उचलून दिव्याच्या काचेवर ओतलं. थंडीचे दिवस. काच तडकली ती अशी, की शेजारच्या म्हातारीला वाटलं कुणाच्या तरी लग्नाचा फटाका फुटला.

चाचानं कपाळाला हात लावला. अरे बाबा, या खेपेला बॅटरीचं काही नव्हतं, बल्ब उडाला होता, म्हणून त्याला समजावलं. नवी काच बसवली, नवा बल्ब घातला. जुना बल्ब त्याच्या कानाशी धरून हलवून दाखवला. आतली तार तुटून खुळखुळत होती. दिवा गेला की असं कानाशी हलवून बघायचं. खुळखुळलं की समजायचं, संपलं. फेकून द्यायचं.

"ध्यानात ठिवलं, चाचा."

पुढच्या खेपेला दिवा गेला तेव्हा केरबानं बल्ब काढून हलवला. गप्प. आरसा हलवला. तोही गप्प. मग सीट उचलून बॅटरी काढली आणि कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ खुळखुळ. केरबाला बरं वाटलं. एवढा मोठा दोष आपल्या आपण सापडला म्हणून तो गालात हसला आणि बॅटरी नेऊन उकिरड्यावर टाकून आला. घरी येईतो सदऱ्याचा खांदा विरघळून गेला होता, बाही कोपरापाशी लोंबत होती.

चाचा बॅटरी शोधायला स्वतः उकिरड्यावर गेला. येताना वाटेत तो जे बोलला ते पोराबाळांसमोर सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं एवढंच, की बॅटरीत तेजाबाचं पाणी असतंच, ते खुळखुळणारच. उलट ते आटलं म्हणून दिवा गेला होता. बॅटरीच्या अंगावर दोन रेघा असतात. वरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे झालं. बॅटरीचं पाणी दुकानात बाटलीत मिळतं.

आता तुम्हाला कळलंच असेल. दिवा गेला, केरबा बाटली घेऊन आला आणि रेघा शोधू लागला. बॅटरी सीटखाली, अंधारात. दिव्याच्या नव्या काचेवर मात्र रेघाच रेघा. त्यानं काच खोलली, आतलं भांडं वरच्या रेघेपर्यंत भरलं आणि काच लावून चाचाला दाखवायला गॅरेजात आला. किल्ली फिरवल्याबरोबर फट्ट झालं आणि गाडीतून करपल्याचा वास आला. चाचानं काच उघडली तर त्याच्या पायजम्यावर धार.

पाण्यानं तार तारेला मिळाली, म्हणून फ्यूज उडाला, असं चाचानं दात खाऊन सांगितलं. नवा फ्यूज घातला. काळ्या टेपचं रीळच केरबाच्या हातात दिलं. तारेचं उघडं टोक कुठं दिसलं की टेप गुंडाळायची. उघडं काही ठेवायचं नाही.

केरबानं घरी जाऊन उघडं काही ठेवलं नाही. बॅटरीची दोन्ही टोकं गुंडाळली. बल्बचं बूड गुंडाळलं. फ्यूज तर बाळाला दुपट्यात बांधावं तसा बांधला. मग सगळं जागच्या जागी लावलं. गाडीत कुठं ठिणगीसुद्धा पडेना.

हे सगळं होईतो सगुणा माहेरीच. तिलाही आता माहेर जड झालं होतं. भावजय भांडी आपटायला लागली होती. तिनं निरोप पाठवला, की दिवा लागत नसेल तर कंदील बांधा गाडीला, पण या. मामांनी मात्र त्यावर आपला निरोप जोडला, की कंदील चालणार नाही.

केरबा गॅरेजाच्या पायरीवर बसला आणि डोळे पुसायला लागला. मी इतकं ऐकतो, चाचा, तरी माझी बायको मला मिळत नाही, असं म्हणाला. चाचा तापट, पण मनानं लोण्यासारखा. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. टेप सोडली, तारा बदलल्या, बॅटरी चार्ज करून बसवली. दिवा असा लागला, की समोरच्या भिंतीवरची पाल दिसली.

मग चाचानं केरबाला समोर बसवलं आणि शेवटचं सांगितलं.

"बघ केरबा, मिस्त्रीची एकच युक्ती खरी. दिवा मंद झाला, की गाडीवरची एकेक वस्तू काढून बघायची. काढूनही मंदच, तर ती परत जागेवर लाव, दुसरी काढ. जी काढल्यावर दिवा लख्ख होईल, दोष तिच्यात. मग दोनदा खात्री कर. घाई नको."

"ध्यानात ठिवलं, चाचा."

जुन्या फटफटीचं एक असतं. इंजिन मोकळं पळालं की दिवा लख्ख, चढाला रेटत चाललं की मिणमिणता. यात दोष कुणाचाच नाही. चाचाला हे इतकं पाठ होतं, की सांगायचं त्याच्या मनातच आलं नाही.

केरबा एकटाच खिंड चढून हिवऱ्याला गेला. दिवेलागणीला मामांच्या दारात गाडी उभी राहिली, दिवा लागलेला. मामांनी दिव्यापुढं हात धरून बघितला. चालत वडापर्यंत गेले, तिथून बघितला. परत येऊन म्हणाले, की बरा हाय. सासूनं लेकीची ओटी भरली, लाडवांचा डबा दिला, एक कोंबडी पाय बांधून पिशवीत घातली. सगुणा मागं बसली आणि केरबाच्या खांद्यावर हात ठेवला. केरबाला आभाळ ठेंगणं झालं.

खिंडीचा चढ लागला. दोन माणसं, लाडू, कोंबडी. इंजिन कण्हायला लागलं आणि दिवा पिवळा पडला.

केरबानं गाडी थांबवली. कोंबडी काढून दगडाशी ठेवली, थोडं पुढं जाऊन बघितलं. मंदच. मागं आला, कोंबडी जागेवर लावली. लाडवांचा डबा काढला. मंदच. डबा लावला. आरसा काढला, लावला. हॉर्न काढला, लावला.

"अवो, ऱ्हाऊ द्या की," सगुणा म्हणाली. "रस्ता दिसतोय तेवढा. हळूहळू जाऊ."

"न्हाई सगुणे. तुला परत खड्ड्यात घालायची न्हाई मला."

हे ऐकून ती विरघळली. नवऱ्याला अक्कल नसली तरी माया आहे, असं तिला वाटलं. म्हणून त्यानं जरा उतर म्हटल्यावर ती मुकाट्यानं उतरली, डबा आणि कोंबडीही उतरवून घेतली.

केरबा एकटा चढावर गेला. दिवा लख्ख. मागं येऊन त्यानं सगुणाला बसवलं. दिवा मंद. परत उतरवलं. परत लख्ख. दोनदा खात्री झाली. केरबाला फार वाईट वाटलं, पण मिस्त्रीचा शब्द म्हणजे शब्द. सगुणाला त्यानं दगडावर बसवलं, आलोच म्हणाला आणि गाडी उलटी वळवून उतारानं सुसाट हिवऱ्याला गेला.

मामा अजून ओट्यावरच होते. त्यांनी जावयाच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"पाव्हणं, लेक कुठाय माझी?"

केरबानं गाडी बंद केली नाही. उतरून मामांच्या पाया पडला.

"मामा, वाईट वाटून घेऊ नका. एकेक काढून बघितलं. गाडीत कायबी दोष न्हाई, दोष तुमच्या लेकीत हाय. म्या त्यो काढून खिंडीत ठिवलाय."

दिवा खरंच लख्ख होता. मामांना काठी अंधारात शोधावी लागली नाही.