एकेरी दोरी

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध गिर्यारोहक राहत असत. तारुण्य हिमालयात घालवून उतारवयात ते सह्याद्रीत परतले होते आणि रानात निभाव कसा लावावा, हे शहरातून येणाऱ्यांना शिकवीत होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्यापाशी शाल्मली नावाची एक तरुणी शिकायला राहिली होती.

शाल्मलीचा हात गाठींवर विलक्षण बसला होता. पॅराशूटला लावतात तसली बारीक, चिवट दोरी बाजारात मिळते. तिला पॅराकॉर्ड म्हणतात. ती गुंफून मनगटावर बांधायचा पट्टा करावा आणि रानात अडचण आली की तो उसवून दोरी हाताशी घ्यावी, अशी ती युक्ती. तंबू ताणायला, ओझे झाडाला टांगायला, दुखावलेल्या पायाला काठीचा आधार बांधायला ती फार कामी येते. शाल्मलीने गुंफलेला पट्टा पाहायला दागिन्यासारखा असे, आणि टोक सोडवून ओढले की सारी वीण भराभर उलगडत जाई. शिबिराला येणाऱ्या प्रत्येकाकडून ती पहिल्याच दिवशी असा पट्टा करवून घेत असे. हा मनगटावर असताना भ्यायचे कारण नाही, असे ती सर्वांना सांगे. आणि हे ती मनापासून सांगत असे.

एका हिवाळ्यात शिबिराला रमणशेठ नावाचे कापडाचे व्यापारी आले. पन्नाशी उलटलेली, देह भारी, जन्म दुकानाच्या गादीवर गेलेला. पण उत्साह असा की चढताना ते तरुणांच्याही पुढे राहत. दुपारी मंडळी कड्याच्या माथ्यावर पोचली. शेठ फोटो काढायला कडेशी गेले, वाळलेल्या गवतावरून त्यांचा पाय सटकला आणि ते घसरत खाली गेले. तीन-चार माणसांच्या उंचीइतका खाली खडकाचा एक अरुंद टप्पा पुढे आला होता, त्यावर ते अडकले. घोट्यात पाय मुरगळला होता. टप्प्याच्या पलीकडे सरळ दरी होती.

आप्पांनी कडेशी पालथे पडून खाली पाहिले, शेठना हाक मारली आणि शिबिरातल्या दोन चपळ तरुणांना खालच्या तळावरून जाड दोर, कंबरपट्टे आणि स्ट्रेचर आणायला पिटाळले. त्यांना परत यायला दुपार सरणार, हे सर्वांना कळत होते.

शेठनाही ते कळले असावे. ते धडपडत उभे राहिले आणि दुखऱ्या पायानिशी खडकाला हात घालून वर चढू पाहू लागले. पायाखालचे दगड सुटून दरीत जाऊ लागले. वरची माणसे ओरडून त्यांना थांबायला सांगत होती; पण भ्यालेल्या माणसाला ओरडणे तेवढे ऐकू येते, शब्द ऐकू येत नाहीत.

शाल्मली मात्र डगमगली नव्हती. तिने सगळ्यांचे पट्टे मागून घेतले, उसवले, टोकाला टोक बांधले आणि पाहता पाहता त्या दोऱ्यांची तिपेडी वेणी घातली. वेणी अंगठ्याएवढी जाड आणि देखणी झाली. एक टोक मागच्या झाडाला बांधावे, दुसरे शेठच्या हाती द्यावे आणि सर्वांनी मिळून त्यांना ओढून घ्यावे, असा तिचा बेत होता. ती वेणी तिने आप्पांपुढे धरली.

आप्पांनी ती हातात घेतली, तिच्या गाठी कौतुकाने चाचपल्या आणि ते वेणी सोडवायला लागले.

सगळे चकित झाले. शाल्मलीला तर आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मघा इतक्या घाईने जे केले, ते ऐन संकटात कुणी का मोडावे? आप्पांनी तिन्ही पेड वेगळे केले, त्यांतला एकच घेतला. बुटाच्या नाडीएवढी ती बारीक दोरी. तिच्या टोकाला पाण्याची बाटली बांधून त्यांनी ती हळूहळू खाली सोडली.

"शेठ," ते चढ्या पण शांत स्वरात म्हणाले, "ही दोरी तुम्हाला वर आणणार नाही. तिला लोंबकळू नका. तिने पाणी येईल, लागेल ते येईल. तुम्हाला वर आणणारा दोर निघाला आहे."

बाटली समोर येताच शेठचे हात खडकावरून सुटले आणि दोरीकडे वळले. ते भिंतीला पाठ टेकून खाली बसले. पाणी प्यायले. मग आप्पांनी त्याच दोरीने दोन काठ्या आणि एक उपरणे खाली सोडले आणि पायाला आधार कसा बांधायचा ते सावकाश सांगितले. शेठच्या मनगटावरचा त्यांचा स्वतःचा पट्टा तेवढा उसवायचा राहिला होता. तो त्यांनी उसवला आणि त्या दोरीने काठ्या पायाला आवळल्या.

त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही. तरी आप्पांनी दोरी वर ओढली नाही. कडेशी पालथे पडून, टोक बोटाला गुंडाळून ते शेठशी बोलत राहिले. दुकान कुठे आहे, लग्नसराईत कोणता माल खपतो, सुताची पारख कशी करतात, असे विचारीत राहिले. बोलणे थांबले की दोरीला हलका हिसका देत. खालून तसाच हिसका येई. कधी उशिरा येई, तेव्हा शाल्मलीचा जीव खालवर होई; पण आप्पा थांबत, आणि तो येई.

उन्हे कलली तेव्हा दोर आला. एक तरुण कंबरपट्टा बांधून खाली उतरला, शेठना नीट जखडले आणि सर्वांनी मिळून त्यांना वर घेतले. वर येताच शेठनी आप्पांचे हात धरले.

तरुण स्ट्रेचर जोडू लागले, तेव्हा शाल्मली आप्पांजवळ आली. वेणी चांगली घातली होती, त्यात चूक काय होती, असे तिने विचारले. स्वरात राग नव्हता, पण दुखावलेपण होते.

आप्पा म्हणाले, "वेणीत चूक नव्हती. पण ती दोरासारखी दिसत होती, आणि बुडणारा समोर येईल ते धरतोच. शेठनी सगळे अंग तिच्यावर टाकले असते. कड्याच्या या धारेवर घासून, इतक्या जोडगाठींनिशी ती टिकली असती का, हे मला ठाऊक नव्हते. तुला ठाऊक होते का?"

शाल्मलीने मान हलवून नाही म्हटले.

"म्हणून मी ती एकेरी केली. एकेरी दोरी खोटे बोलत नाही. मी बारीक आहे, हे तिच्याकडे पाहताच कळते. पोरी, शेठना उचलणे त्या वेळी आपल्या हाती नव्हते. त्यांना एकटे पडू न देणे होते, तेवढ्याला ही दोरी पुरून उरली. आपली ताकद जेवढी आहे तेवढीच समोरच्याला दाखवावी, आणि तेवढी मात्र शेवटपर्यंत द्यावी. खोटा आधार तुटला, तर माणूस पहिल्यापेक्षा खोल पडतो."

मदत किती मोठी करता येईल, याचाच विचार शाल्मली आजवर करीत आली होती. मदत किती खरी आहे, हे मोजायचे असते, ते तिला कुणी सांगितले नव्हते.

शेठना स्ट्रेचरवर घेऊन मंडळी उतरू लागली. शेठ डोळे मिटून पडले होते. ती बारीक दोरी अजून त्यांच्या मुठीत होती. सोडायला त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही सोडली नव्हती. मोकळे टोक गवतातून घसटत चालले होते. शाल्मलीने वाकून ते उचलले, बोटाला गुंडाळले आणि ती त्यांच्या शेजारून चालू लागली. थोड्या वेळाने तिने हलकासा हिसका दिला.

शेठनी डोळे न उघडताच उत्तर दिले.