सुगरणबाईंचं ‘समजलं?’

रानात गाढवाला सल्ला विचारायचे, तेव्हाची गोष्ट. सुगरणबाई बाभळीवर घरटं विणायला शिकवायच्या. “समजलं?” विचारलं की वर्ग “होऽऽ” म्हणून पेंगायचा. रोज कुणीतरी गळायचं. शेवटी होला आणि साळुंकी उरले. तेही गेले तर वर्ग बंद! बाईंचा जीव घरट्यासारखा टांगणीला.

एके दिवशी बाईंनी घरट्याला दार ठेवलं, तेही थेट वर, आभाळाकडे. “समजलं?”

“होऽऽ,” साळुंकी झोपेतच म्हणाली.

होल्याने एक डोळा उघडला. “अहो बाई, पाऊस आत येईल की!”

“मग तूच उसव, शहाण्या!”

बाईंनी आणि होल्याने घरट्यात चोची खुपसल्या आणि दोघं दारावरून कडाकडा भांडले. ते ऐकायला अख्खं रान जमलं.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या गर्दीने फांदी वाकली.

“समजलं?”

“नाऽऽही!”

बाईंनी आनंदाने गिरकी घेतली. “हां, आता शिकवते!”