जांभळीचा फुटवा

सादडवाडीच्या वेशीवर जांभळीचं एक गुडघाभर खोड आहे आणि त्यातून सात जांभळी वर गेल्या आहेत. पाहुणे आधी फोटो काढतात, मग नाव विचारतात. "हा फुटवा," सावळाराम आजोबा सांगतात. तोडल्या खोडातून पुन्हा फुटतो तो फुटवा, हे कुणब्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. पण या वाडीत माणसालाही फुटवा म्हणतात. ते येसूपासून.

येसूची तानी पाच वर्षांची. आईचा कान धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. जांभळीची फांदी ठिसूळ, हे ठाऊक असून येसूनंच तिला वर चढू दिलं, असं सांगतात. येसू खाली पदर पसरून उभी होती. फांदी मोडली. पदरात जांभळं पडली, पोर दगडावर पडली. तानीच्या बापानं त्याच दिवशी झाड आडवं केलं. त्यानं काय होणार होतं?

पुढच्या चैत्रात खोडाला कोंब आले, त्याच महिन्यात येसूला मुलगी झाली. तानीच परत आली, असं सगळी वाडी म्हणाली. नाव तानी, अंगात तानीचीच जुनी झबली. येसूनंही मानलं. न मानून करते काय? निजवताना ती पोरीचा हात आपल्या कानावर ठेवायची आणि पोर तो काढून घ्यायची. अशी पाच वर्षं गेली. येसूला माया यायची, पण ती जायची गेलेलीकडे. तिचं काही चालत नसे.

एकदा खोडाजवळ गवत कापताना पोरीनं विचारलं म्हणे, "आये, ती कवा यायची?"

"कोण गं?"

"तुजी तानी. ती आली म्हंजी मी कुटं ऱ्हाऊ?"

येसूनं विळा खाली ठेवला. समोर खोडातून फुटलेल्या जांभळी माणसाहून उंच झाल्या होत्या. मूळ तेच होतं, पण जुनं झाड त्यात कुठंच नव्हतं. येसू रडू लागली; तानी गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मग लेकीला जवळ ओढून म्हणाली, "तू तानी न्हाईस. तू माजा फुटवा हाईस." तिथंच दुसऱ्यांदा बारसं झालं. नाव ठेवलं राही.

आजही वाडीत मूल गेलेल्या घरी पुढचं मूल जन्मलं, की बारशापर्यंत त्याला फुटवाच म्हणतात आणि गेलेल्याचं नाव कधी देत नाहीत. बारशाच्या सकाळी आई त्याला घेऊन येते, खोडाला पाणी घालते आणि गेलेल्या लेकराला एकदाच मोठ्यानं हाक मारते. सगळे थांबतात. ओ येत नाही. मग कडेवरच्या लेकराला सांभाळत ती घरी जाते.