हौश्याचा होकार

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राजाचं नावही आता कुणाला सांगता यायचं नाही. त्याचा एक कायदा मात्र घराघरात तोंडपाठ होता: खेळाच्या मांडवात कुठल्याही जनावराला मर्जीविरुद्ध नाचवायचं नाही. केवढा थोर कायदा! तिथली माणसं आल्यागेल्या पाहुण्याला तो छाती फुगवून सांगायची.

मांडवात सगळ्यांचा लाडका होता हौश्या नावाचा बैल. पेटत्या कड्यातून तो अशी उडी मारायचा, की बघणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळावं. रोज सकाळी राजाचा कारकून यायचा आणि विचारायचा, "हौश्या, आज खेळायला राजी आहेस का?" हौश्या मान डोलवायचा. कारकून होकार लिहायचा, शिक्का मारायचा आणि खेळ सुरू व्हायचा.

हौश्याला वैरण टाकायला ठकूबाई नावाची म्हातारी होती. तोंडाने फटकळ, पण मनाने लोणी. हौश्याच्या कुशीवर भाजल्याचे डाग होते, त्यांना ती हळूच तेल लावायची.

एका सकाळी तिने लाडाने विचारलं, "भूक लागली का रे?" मान हलली. पेंढी फस्त करून तो रवंथ करत बसला, तेव्हा तिने विचारलं, "अजून भूक आहे का?" मान हलली. "मग पोट भरलं का?" पुन्हा हलली!

"अगं बाई!" ठकूबाईच्या तोंडून निघालं. हौश्याला प्रश्न कळतच नव्हता. त्याला कळत होता फक्त 'का'. तो वासरू असताना मांडवात खेळ शिकवणारा उस्ताद दिवसभर त्याच्यापुढे 'का? का?' करायचा, आणि मान हलली नाही की टोकदार पराणी टोचायचा. हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, काहीतरी गंमत शिकवतोय. मेली गंमत!

जत्रा चार दिवसांवर आली होती. यंदा उस्तादाने एकापाठोपाठ तीन पेटती कडी लावायची ठरवली होती, आणि हौश्याचा पुढचा पाय तर सुजून टम्म झाला होता. उडी चुकली की थेट आगीत.

ठकूबाई उस्तादाकडे गेली. "अहो, त्याचा पाय तरी बघा. जीव जाईल मुक्याचा."

"त्याचा होकार आहे," उस्ताद म्हणाला. "तू कोण विचारणारी? वैरण टाक आणि चालू लाग."

ठकूबाई चालू लागली, ती थेट न्यायाधीशांच्या दारात जाऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी चौकात न्यायसभा भरली. सारं गाव लोटलं. हौश्या लंगडत आला. न्यायाधीशांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. "बाई, कायदा तर पाळलेला दिसतोय. रोजचा होकार, रोजचा शिक्का."

"मग सरकार, मलाही त्याला विचारू द्या," ठकूबाई म्हणाली आणि बैलाकडे वळली. "हौश्या, पाय दुखतो का रे?"

हौश्याने मान डोलवली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"उस्ताद तुला टोचतो का?"

मान हलली. लोक चवताळले. उस्तादाला घाम फुटला आणि तो ओरडला, "सरकार, हा काय पोरखेळ चालवलाय! हा बैल कशालाही मान हलवतो. हे बघा. हौश्या, तू कावळा आहेस का?"

हौश्याने गंभीरपणे मान डोलवली.

"बघितलंत? याच्या मान हलवण्याला काडीचाही अर्थ नाही!"

झालं! बोलून बसला गडी, आणि आपल्याच जिभेने फसला. ठकूबाईने कमरेवर हात ठेवले.

"अस्सं? मग रोज सकाळी कारकूनसाहेब काय लिहून घेत होते?"

कारकुनाने मान खाली घातली. न्यायाधीशांनी तो गठ्ठा स्वतःच्या हाताने टराटरा फाडला. बातमी राजाच्या कानावर गेली, तसा तो पायी चौकात आला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "कायदा केला आणि मी निवांत झालो."

त्याच दिवशी दवंडी पिटली गेली. यापुढे जनावराला होकार विचारायचाच नाही. ज्यात त्याला दुखेल, भाजेल किंवा धडकी भरेल, तो खेळ या राज्यात होणार नाही. मांडवावर देखरेख ठकूबाईची. उस्तादाची पराणी मोडून चुलीत गेली आणि त्याच्या वाट्याला वैरणीच्या गाड्या ओढणं आलं. ठकूबाईने विळ्याने हौश्याची वेसण कापली, तेव्हा गावाने असा काही जल्लोष केला की झाडांवरची पाखरं उडाली. ढोल-ताशे वाजवत हौश्याला राजाच्या कुरणात नेलं.

पुढच्या वर्षी जत्रेतले काही हौशी लोक कुरणाच्या कुंपणाशी आले. एकाने हाळी दिली, "हौश्या, एक उडी मारून दाखवतोस का?"

हौश्याने कान टवकारले. मान मात्र जागची हलली नाही. तो सावकाश वळला, त्या माणसांकडे शेपूट केली आणि चरत राहिला.

ठकूबाई हसता हसता रडली. "शाब्बास रे माझ्या राजा!" ती म्हणाली.

तर मंडळी, ध्यानात ठेवा: ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही, त्याच्या 'हो'वर जायचं नसतं, त्याला जपायचं असतं.