डोहातली मुशी

फार फार वर्षांपूर्वी, जलचरही माणसांशी दोन शब्द बोलत तेव्हा, एका गढूळ नदीच्या काठी कोळ्यांचं गाव होतं.

त्या गावात एक म्हातारा कोळी राहत असे. मासळीच्या वाटणीवरून भांडण झालं, की लोक त्याच्याकडे येत. तो सांगेल तो निवाडा. म्हाताऱ्याला या मानाचा भारी अभिमान. दुसरं त्याच्याजवळ होतं तरी काय?

एके दिवशी डोहावरून परतल्यावर तो म्हणाला, "आज मी आपल्या नदीत मुशी पाहिली."

सारं गाव खो खो हसलं. "बाबा, मुशी म्हणजे समुद्रातला शिकारी मासा! गोड्या पाण्यात काय माहेरपणाला आली?"

"बारीक डोळ्यांची, राखी पाठीची. देवाशपथ पाहिली!"

कुणी ऐकेना. पुढचं भांडण झालं, तेव्हा लोक त्याच्या दारावरून दुसऱ्याकडे गेले. "ज्याला ओंडका आणि मुशी यांतला फरक कळत नाही, तो निवाडा काय करणार?" हे म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागलं. त्याला घास गोड लागेना.

तो रोज डोहावर जाऊन बसू लागला. हळूहळू मुशीची भीड चेपली. ती काठाशी येऊन त्याच्याशी बोलू लागली.

"सारी नदी धुंडाळली मी," ती एकदा म्हणाली. "माझ्या जातीचं कुणी उरलं नाही. तुझ्याशी बोलले की बरं वाटतं."

"मग गावाला एकदा दर्शन दे की!"

"गावाच्या हातात जाळी असतात, बाबा. तू पाहिलंस, तेवढं पुरे नाही का?"

"मला पुरे आहे," म्हातारा म्हणाला. "गावाला नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने जाळं टाकलं. हात ओळखीचा होता, म्हणून मुशी पळाली नाही.

मेलेली मुशी चावडीपुढे पडली, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. थट्टा करणाऱ्यांनी म्हाताऱ्याचे पाय धरले. "चुकलो, बाबा. आता तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" त्यांनी त्याला मानाने पारावर बसवलं.

तेवढ्यात दोघे तावातावाने भांडत आले. डोहातली पुढची मुशी कोणाच्या जाळ्याची?

म्हाताऱ्याने डोहाच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, "भांडू नका. पुढची मुशी नाही. ती शेवटची होती."

कुणीतरी हसावं, असं त्याला फार वाटत होतं. 'काहीतरीच काय, बाबा!' म्हणत चार जणांनी डोहावर जावं आणि आपल्याला खोटं पाडावं.

पण कुणीही हसलं नाही. "बाबा म्हणतात म्हणजे नसणारच," असं म्हणून लोक आपापल्या घरी गेले. म्हातारा पारावर एकटाच रडत बसला.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं खरं करण्यासाठी जो विश्वासाने जवळ आलेल्याचा घात करतो, त्याला मिळालेला मान जन्मभर बोचत राहतो.