लाजेचं पाणी

किती वर्षं झाली, ते मोजणारा आता कोणी उरला नाही. त्या वेळी कपारवाडीत तेरा घरं होती, आणि चार वर्षं पाऊस नव्हता.

गावाच्या चारी बाजूंना ओसाड माळ. माती वाऱ्यानं उडून गेलेली, खाली नुसती वाळू आणि मुरूम. बाभळीसुद्धा वाळल्या होत्या. माळाच्या टोकाला डोंगर, आणि डोंगराच्या अंगात ओळीनं सात कपारी. कपारी म्हणजे गुहाच. पहिलीत बैलगाडी फिरेल, सातवीत माणसानं पोटावर सरपटत जावं. तिसऱ्या कपारीत दगडातून थेंब गळत होता. बायका त्याखाली पाळीपाळीनं करवंटी धरून बसत. दिवसाकाठी दोन कळशा भरत. एका घराची पाळी आठवड्यानं येई. तेवढ्यावर गाव जगत होतं.

पण कपारवाडीची एक रीत होती. पाव्हण्याला तूट दाखवायची नाही. कोणाकडे पाव्हणा आला की बाकीची घरं मागल्या दारानं आपलं पाणी आणून ओतत, आणि पुढल्या दारी पाव्हण्यापुढं तांब्या काठोकाठ भरून येई. पाव्हण्याला काही कळत नसे. या रीतीचा सगळ्या गावाला अभिमान होता. सगळ्यांत जास्त हैबतीला होता.

हैबती गावाचा कारभारी. उंच, ताठ, बोलणं मोजकं. गावात आलेला माणूस त्याच्याच ओट्यावर उतरायचा. आपल्या ओट्यावरून कोणी तहानलेला गेला नाही, हे तो सांगत नसे. दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकत असे.

चैत्रात एका सकाळी माळावरून एक माणूस आला. अंग धुळीनं पांढरं, खांद्यावर चामड्याची मसक, हातात उंबराची बेचकी. त्याचं नाव सटवाजी. तो पाणाड्या होता, जमिनीखालचं पाणी ओळखणारा. लोक वरून जमीन बघतात, हा डोंगराच्या आत शिरायचा. ओसाड मुलखातल्या गुहा धुंडाळायचा आणि दगडाला कान लावायचा. त्याचा कान चुकत नसे, असं म्हणतात.

"कारभारी, गावात पाण्याचं कसं काय?" ओट्यावर टेकत त्यानं विचारलं.

"पाण्याला काय धाड भरलीय?" हैबती म्हणाला. "उठा, न्हाऊन घ्या. मग भाकरी खावा."

"न्हायला नको. पाय धुतो, तेवढं पुरं."

"कपारवाडीत आलाय तुम्ही. न्हाल्याबिगर भाकरी न्हाई."

हैबतीची बायको बनाई आत गेली. मागल्या दारानं घरोघरचं पाणी येऊ लागलं. कोणी चंबूभर, कोणी वाटीभर. गावाच्या टोकाला कोंडाई राहायची. एकटी, म्हातारी, आठ दिवस अंगात ताप. तीही भिंत धरत आली आणि गडूतलं पाणी हंड्यात उपडं करून गेली. हंडा भरला. सटवाजी नदीकाठचा माणूस. तो नदीकाठच्या माणसासारखाच न्हाला. डोक्यावरून तांबे ओतले, चुळा थुंकल्या, उरलेलं पायांवर सोडलं. परसातली वाळू भिजली आणि लगेच सुकली.

भाकरी खाऊन तो म्हणाला, "एवढं पाणी असल्यावर माझं हितं काम न्हाई. कपारी तेवढ्या बघून जातो."

हैबती वाट दाखवायला गेला. जाता जाता त्यानं चार घरी निरोप धाडला, तिसऱ्या कपारीतल्या बायका उठवा. पाव्हण्याला करवंटी दिसता कामा नये.

एक एक कपार बघत दोघं सातवीत शिरले. टेंभ्याच्या उजेडात सरपटत शेवटच्या भिंतीशी पोचले. सटवाजीनं दगडाला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्याचं तोंड हसरं झालं.

"कारभारी, हितं नदी वाहतीया. हातभर दगडाच्या आड."

हैबतीनं टेंभा दगडाजवळ नेला. 

"माझ्या गुरूची आण हाय," सटवाजी म्हणाला. "मागितल्याबिगर पाणी काढून द्यायचं न्हाई. आन एका जागी तीनदाच इचारायचं. म्हणून इचारतो. पाहिजे का तुमच्या गावाला?"

आता हो म्हणावं, तर सकाळचा हंडा खोटा ठरतो. पाव्हण्याला कळेल, आपण कोणाचं पाणी अंगावर ओतून घेतलं. हैबतीच्या जिभेवर हो आलं होतं. तो म्हणाला, "आमाला काय करायचंय?"

"डोंगराचं पाणी गोड असतं. बघा. पाहिजे का?"

"हाय तेच सरंना."

सटवाजीनं मसकेचं तोंड सोडलं. आतलं दोन दिवसांचं पाणी त्यानं दगडावर ओतून दिलं. "शिळं झालंय. गावात ताजं भरून घेतो," तो म्हणाला. हैबती त्या ओल्या दगडाकडे बघत राहिला. मग सटवाजीनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि हैबती म्हणाला, "नको."

दुपारी दोघं घरी आले. बनाई उंबऱ्यात बसली होती.

"पाव्हण्याची मसक भरून आण," हैबती म्हणाला.

बनाई जागची हलली नाही. "कशानं भरू, कारभारी? माझ्या डोळ्यांतल्या पाण्यानं? तेबी दोन वर्सांमागं आटलं."

हैबती ओरडणार, तोवर सटवाजी उठून आत गेला. त्यानं रांजणावरचं झाकण काढलं. रांजणाच्या तळाला पाल बसली होती. त्यानं दुसरा रांजण उघडला. त्यात तीही नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. आपल्या धुतलेल्या पायांकडं बघत त्यानं विचारलं, "वैनी, मी कुणाकुणाच्या पाण्यानं न्हालो?"

बनाईनं बाराही घरं सांगितली. शेवटी कोंडाईचं नाव घेतलं.

तिघं कोंडाईच्या खोपीत गेले. म्हातारी वाकळेवर पडली होती. ओठ फाटले होते. गडू उशाशी होता, रिकामा. पावलं ऐकून तिनं विचारलं, "हैबत्या, पाव्हणा नीट न्हाला का रं?"

हैबतीनं मान फिरवली. सटवाजी खाली बसला. म्हणाला, "नीट न्हालो, आई."

"मग झालं," म्हातारी म्हणाली. मग तिनं तोंड उघडलं, शेवटचं पाणी मागायला उघडतात तसं. हैबती धावत सुटला. तेरा घरं पालथी घातली. कोणाकडे थेंब नव्हता. सगळ्यांनी सकाळीच त्याच्या हंड्यात ओतला होता. तो तिसऱ्या कपारीत गेला. बायका उठवल्या होत्या, करवंटी पालथी होती, थेंब मातीत जिरत होता. करवंटीच्या तळापुरतं पाणी धरून तो परत आला, तेव्हा म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि सटवाजीनं तिचे डोळे मिटले होते.

हैबतीनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "पाणी काढून द्या. आता मागतो."

"तीनदा इचारलं, कारभारी. आता माझा कान बंद झाला," सटवाजी म्हणाला. "आता मागायचं ते डोंगराकडं मागा. पर खरं बोलून मागा. आन गावादेखत."

तो रिकामी मसक घेऊन माळानं निघून गेला. त्याचं पुढं काय झालं, ते कपारवाडीत कोणी सांगत नाही. सांगायला तोंड नाही.

कोंडाईला पोचवून दुसऱ्या दिवशी हैबती सातव्या कपारीपुढं उभा राहिला. मागं सगळा गाव. तो म्हणाला, "गावात पाणी कमी हाय." डोंगर गप्प. तो म्हणाला, "गावात पाणी न्हाई." डोंगर गप्पच. वारासुद्धा थांबला, असं म्हणतात. मग त्या ताठ माणसाची मान खाली गेली. तो मोठ्यानं म्हणाला, "पाणी नव्हतं, आन मी हाय म्हणलो. पाणाड्या नदी देत होता, तर नको म्हणलो. कोंडाई तहानेनं गेली. माझ्या मोठेपणापायी गेली."

तेव्हा आतल्या दगडाला घाम सुटला.

हैबती छिन्नी-हातोडा घेऊन आत शिरला. रोज सकाळी आधी तेच शब्द मोठ्यानं बोलायचा, मग घाव घालायचा. दगडाला सुटलेला घाम बायका फडक्यानं टिपून घेत, आणि तेवढ्यावर तेरा घरं तगली. अकराव्या दिवशी त्याला लोकांसमोर लाज वाटली. शेवटचं वाक्य त्यानं मनातल्या मनात म्हटलं. त्या दिवशी दगड वाळला आणि छिन्नीतून ठिणग्या उडाल्या. संध्याकाळी तो बाहेर आला, सगळ्यांना गोळा केलं आणि राहिलेलं वाक्य बोलला. दगड पुन्हा ओला झाला.

एकविसाव्या दिवशी डोंगराच्या पोटात नगारा वाजल्यासारखं झालं. भिंत फुटली. पाण्याच्या लोंढ्यानं हैबतीला उचलून कपारीबाहेर आणून टाकलं. पाणी सात दिवस माळावर पसरत होतं, आणि वाळलेल्या बाभळींना पिवळी फुलं आली, असं म्हणतात.

गाव नाचलं. हैबती नाचला नाही. पहिली ओंजळ त्यानं कोंडाईला जाळलं त्या जागी नेऊन ओतली. तेराही घरांचे रांजण भरले, गुरं प्याली, मग तो प्याला.

पुढं लोक त्याच्या पाया पडायला लागले. तो पाय मागं घ्यायचा. म्हणायचा, "हे पाणी पुण्याईचं न्हाई, लाजेचं हाय. माझं देऊळ बांधाल तर झरा आटंल." म्हणून देऊळ बांधलं नाही. तो मेल्यावर दगडसुद्धा उभा केला नाही. झऱ्याला मात्र लाजेचं पाणी म्हणतात, आणि चार वर्षं पाऊस नसला तरी तो आटत नाही.

कपारवाडीत आता पाव्हणा आला की आधी त्याला रांजणापाशी नेतात आणि झाकण काढून दाखवतात. "हैबतीची आण, एवढंच हाय," म्हणतात. पाव्हणा बघतो आणि त्या मानानं घेतो. सोयरीक जुळवायला आलेल्यांनाही असंच नेतात. त्यामुळं कपारवाडीत मुलगी द्यायला लोक आधी बिचकतात, मग देतात.

आणि चैत्रात कोंडाई गेली त्या तिथीला सगळा गाव सातव्या कपारीपुढं जमतो. नारळ नाही, हार नाही, ढोल नाही. घरटी एक माणूस पुढं होतो आणि वर्षभरात मोठेपणासाठी जे खोटं बोलला, ते मोठ्यानं सांगतो. कोणी हसायचं नाही, कोणी घरी जाऊन त्यावर बोलायचं नाही. सांगून झालं की तो ओंजळभर पाणी पितो. सांगितल्याबिगर पीत नाही.

मागं एक जण तीन वर्षं नुसता उभा राहिला आणि कोरड्या तोंडानं घरी गेला. चौथ्या वर्षी बोलला आणि प्याला. काय बोलला, ते कपारवाडीत विचारू नये.